शेजवान चटणीच्या पलीकडचं सिचुआन

मुंबई-पुण्यात चायनीजच्या गाड्यांवर वाढलेला मराठी खवय्या पहिल्यांदा चेंगदूला जातो, तेव्हा मनाशी एक गोष्ट पक्की धरून जेवायला बसतो : सिचुआन म्हणजे जाळ. चेंगदू ही सिचुआन प्रांताची राजधानी. युनेस्कोने 2010 मध्ये खाद्यसंस्कृतीसाठी गौरवलेलं हे आशियातलं पहिलं शहर. इथली चव कळायची असेल, तर मोठ्या हॉटेलांपेक्षा गल्लीबोळातल्या छोट्या खानावळी गाठाव्यात. बुटकी स्टुलं, भिंतीवर टांगलेली पदार्थांची यादी, दारातच धडधडणारी कढई, असा तिथला सगळा थाट. आणि तिथे पहिल्या घासालाच लक्षात येतं, की आपली शेजवान चटणी या गावची नाहीच.

ती आपलीच आहे. लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर आणि सोया सॉस यांची ही चटणी भारतातल्या चायनीज स्वयंपाकघरांत जन्मली. कोलकात्यात स्थायिक झालेले हक्का चिनी मुख्यतः ग्वांगडोंग प्रांतातून आले होते. सिचुआन तिथून फार लांब. त्यांनी इथल्या जिभेला रुचेल असा नवा स्वयंपाक घडवला. चिकन मंचुरियनही तसंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. म्हणून शेजवानला 'नकली सिचुआन' म्हणून हिणवणं चूक आहे. तो एक स्वतंत्र, अस्सल भारतीय प्रकार आहे. फक्त त्यावरून सिचुआनची परीक्षा करू नये.

सिचुआनच्या स्वयंपाकाचा कणा आहे दोबानज्यांग : मोठ्या शेंगांचे वाळलेले दाणे आणि लाल मिरच्या मिठात मुरवून केलेला गडद लाल ठेचा. चेंगदूजवळच्या पीशियन भागातला सर्वांत नावाजलेला. मडक्यांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मुरलेला हा ठेचा गरम तेलात परतला की तेल लालबुंद होतं आणि तिखटाच्या आधी खारट, आंबूस, खोल चव जिभेवर येते.

दुसरा गैरसमज ओठांना येणाऱ्या मुंग्यांचा. सिचुआनी जेवणात ओठ बधिर होतात आणि अनेकांना वाटतं, की हा मिरचीचाच प्रताप. तो ह्वाज्याओचा. त्याला 'सिचुआनची मिरी' म्हणतात, पण मिरीशी किंवा मिरचीशी त्याचं काहीच नातं नाही. ते लिंबाच्या कुळातलं झाड आहे. आणि कोकण-गोव्यातल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही, कारण बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हा त्याचा सख्खा भाऊ. दोघं एकाच प्रजातिगटातली. दोघांचंही उकललेलं टरफल वापरायचं आणि आतलं काळं, कचकचीत बी काढून टाकायचं. मुंग्या येतात त्या टरफलातल्या सॅनशूल नावाच्या द्रव्यामुळे. लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये लोकांच्या ओठांना ह्वाज्याओ लावलं, बोटाला एक कंप पावणारं यंत्र जोडलं आणि दोन्हीकडचा कंप जुळवायला सांगितलं. ओठांवर उठणारा कंप सेकंदाला सुमारे 50 वेळा निघाला. म्हणजे ही नुसती चव नाही, स्पर्शाचा आभास आहे.

मिरची मात्र सिचुआनमध्ये उशिरा आली. ती मूळची अमेरिका खंडातली. चिनी लिखाणात तिचा उल्लेख 1591 मध्ये गाओ लियान यांच्या ग्रंथात सापडतो, तोही शोभेचं रोप म्हणून. सिचुआनच्या ताटात ती रुळायला पुढे दीड-दोनशे वर्षं लागली. ह्वाज्याओ त्याआधी दोन हजार वर्षं तिथे होतं. हान राजवटीत राणीच्या महालाच्या भिंतींच्या गिलाव्यातही ते मिसळत. आपल्याकडेही मिरची पोर्तुगिजांबरोबर आली आणि तिच्याआधी तिखटाची भिस्त मिरी-पिंपळीवर होती, हे आठवलं की दोन्ही स्वयंपाकघरांचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून बघावासा वाटतो.

लात्झजी नावाचा पदार्थ समोर आला की नवखा माणूस घाबरतो. ताटभर सुक्या लाल मिरच्या आणि त्यांत लपलेले कोंबडीचे छोटे, कुरकुरीत तुकडे. मिरच्या खायच्या नसतात! त्या वासासाठी तेलात पडतात. चॉपस्टिकने तुकडे शोधून उचलायचे आणि मिरच्यांचा ढीग ताटातच सोडायचा. हॉटपॉटच्या लाल तेलाचंही तेच : ते सूप म्हणून प्यायचं नसतं, त्यात जिन्नस शिजवून तिळाच्या तेलात बुडवून खायचे.

शिवाय सगळंच तिखट नसतं. सिचुआनी आचारी दोन डझन मिश्र चवींची नावं सांगतात आणि त्यांतल्या कितीतरींत मिरचीचा मागमूस नसतो. 'उकळत्या पाण्यातला कोबी' हा तिथल्या मेजवानीतला मानाचा पदार्थ पाण्यासारखा नितळ दिसतो. ते पाणी म्हणजे तासन्‌तास उकळून, गाळून स्वच्छ केलेला मांसाचा रस असतो. नावावरही जाऊ नये : 'माशाच्या वासाची' वांगी मागवली तर त्यात मासा नसतो. लोणच्यातली मिरची, आलं, लसूण, साखर आणि व्हिनेगर यांचा तो मेळ माशासाठी वापरला जाणारा, म्हणून ते नाव. वांगी ज्यांना आवडतात, त्यांनी ही जरूर मागवावीत.

अजिनोमोटोची भीती तर सगळ्यांत चिवट. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी जेवणानंतर मानेला बधिरपणा येतो, छाती धडधडते. सोया सॉस, मद्य, मीठ आणि अजिनोमोटो असे चार अंदाज त्याने केले होते. लोकांनी शेवटचाच धरला आणि या त्रासाला चिनी हॉटेलांचं नाव चिकटवलं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत हा संबंध सातत्याने सिद्ध झाला नाही. रिकाम्या पोटी एकदम 3 ग्रॅमच्या पुढे घेतलं, तर काही जणांना तात्पुरता त्रास होऊ शकतो. पण एका वाढपात ते साधारण अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं. पिकलेल्या टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये अजिनोमोटोतलं हेच द्रव्य, ग्लुटामेट, निसर्गतः असतं. एका अख्ख्या देशाच्या जेवणाला इतकी वर्षं संशयाने बघितलं गेलं, हा अन्याय आहे.

शाकाहारी पाहुण्याने मात्र खरोखर सावध राहावं. टोफू म्हणजे शाकाहारी, हे गृहीत धरू नये. 1862 मध्ये चेंगदूच्या वानफू पुलाजवळ चेन नावाच्या बाईने रुजवलेल्या मापो टोफूत मुळात गोमांसाचा खिमा असतो; लुसलुशीत टोफू, दोबानज्यांग आणि वरून ताजी कुटलेली ह्वाज्याओची पूड. कोरड्या परतलेल्या फरसबीतही बहुधा डुकराचा खिमा येतो, वांग्यांतही येऊ शकतो आणि भाज्या डुकराच्या चरबीत परतणं तिथे सर्रास चालतं. नुसतं 'मांस नको' म्हणणं पुरत नाही. खिमा, चरबी आणि मांसाचा रस या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारावं. बौद्ध मठांजवळच्या शाकाहारी खानावळींत ही चिंता नसते. चेंगदूच्या वेन्शू मठाच्या आवारातच असं जेवण मिळतं, आणि तिथे तोच मापो टोफू खिम्याशिवाय, ओठांवर त्याच मुंग्या आणत पुढ्यात येतो.