चोडण : मांडवीतलं एक गाव

गोवा म्हटलं की समुद्र आठवतो आणि बेट म्हटलं की अंदमान, नाहीतर मालदीव. पण गोव्याची माणसांनी गजबजलेली बेटं समुद्रात नाहीत, नदीत आहेत. दिवाडी, जुवे, कुंभारजुवे आणि चोडण. आपल्या मंडळात चोडणकर आडनावाची कुणी मंडळी असतील, तर त्यांचं मूळ गाव हेच.

मी मूळचा पेडण्याचा. बी.ई. झाल्यापासून पुण्यात कीबोर्ड बडवतो. माझी थोरली आत्या चोडणला दिलेली, त्यामुळे लहानपणी मे महिन्यातले पंधरा दिवस तिकडे ठरलेले. तेव्हा गावाचं अप्रूप म्हणजे फेरीबोट आणि फणस, एवढंच. गाव टिकतं कसं, हा प्रश्न मला पडला तो बऱ्याच उशिरा, पुण्याला आल्यावर.

चोडणच्या एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला म्हापशाची नदी. पणजीहून रायबंदरला यायचं, फेरीबोटीत गाडी चढवायची आणि थोड्याच वेळात पलीकडे उतरायचं. जुलै २०२५ पासून इथे मोठी रो-रो बोट आली, त्यामुळे सकाळच्या गाड्यांच्या रांगेचा जाच कमी झाला आहे. मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्यांना डिचोली आणि मये करत पुलावरूनही बेटावर येता येतं. तालुका तिसवाडी, पण विधानसभेचं मतदान मये मतदारसंघात, म्हणजे कागदावर पणजीकडे आणि राजकारणात डिचोलीकडे. पंचायत चोडण-माडेल. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. बहुतेक पर्यटक फेरीतून उतरतात, अभयारण्य बघतात, खंड्याचा फोटो काढतात आणि पुढच्या फेरीनं परत जातात. गाव त्यांच्या पाठीमागेच राहतं.

मयेशी असलेलं नातं मात्र मतदारसंघाहून फार जुनं आहे. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे. आई देवकी आणि तिच्यापाशी बाळकृष्ण, अशी मूर्ती आपल्याकडे क्वचितच दिसते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो होतो, त्याचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. तो देव मूळचा चोडणचा. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास तिथली देवळं पाडायला सुरुवात झाली. डिचोली तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हती, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गेली. त्यामुळे चोडणच्या लोकांनी देव आधी मयेला नेला आणि तिथून पुढे माशेलला. शेजारच्या दिवाडीवरच्या सप्तकोटेश्वराचंही तेच झालं. तो नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधून घेतलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. ज्या नद्या आज आपण पाच-दहा मिनिटांत ओलांडतो, त्या तेव्हा दोन राज्यांची सीमा होत्या. देव गेला, काही घरं गेली, काहींनी धर्म बदलला आणि तिथेच राहिली. आज गावात चर्च आहेत, देवळं आहेत, आणि शेताच्या बांधावर दोन्हीकडची माणसं एकत्र चिखल टाकतात.

हा बांध म्हणजे या गावाची खरी गोष्ट. चोडणची सखल शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. नदी इथे खारी होते, आणि दिवसातून दोनदा तिचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं. तरीही तिथे भात पिकतं. याला खाजन शेती म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी गोव्यातल्या गावकऱ्यांनी खाडीकाठच्या दलदलीला चिखलाचे आणि चिऱ्यांचे बांध घातले आणि बांधात जागोजागी दारं बसवली. या दाराला म्हणतात मानस. (मन नव्हे आणि माणूसही नव्हे, अनेकवचन मानशी.) दार लाकडी फळ्यांचं, वरून टांगलेलं. भरती आली की बाहेरचं पाणी फळी दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी जास्त होतं, ते फळी ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, सेन्सर नाही. दाराला चंद्र चालवतो म्हणा ना! माझ्या कंपनीत एवढं काम करायला आम्ही तीन सर्व्हर लावले असते आणि रात्री दोनला कुणालातरी उठवलं असतं.

मानशीच्या आत खोलगट तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. पावसाळ्यात पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ धुतलं जातं, ते पाणी मानशीतून नदीत जातं आणि मग कोरगूट नावाचं खारं सोसणारं भात लावतात. तांबूस, जाडसर तांदूळ. आत्याच्या हातची त्याची पेज आणि सोबत खारवलेली कैरी, यावर मी एक वेगळा लेख लिहू शकतो. भात कापलं की थोडं खारं पाणी आत घेतात. त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की रात्रीत मासळी मिळते. तिथे मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी करायची, अशी पद्धत.

खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, आठवडाभर दुर्लक्ष झालं की बांध फुटतो. डिचोलीच्या खाणींचं लोखंडी खनिज बार्जेसमधून मांडवीनं जायचं, त्यांच्या लाटांनी बांध झिजल्याची तक्रार जुनी आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर नदी बरीच शांत झाली. पण बांधाची काळजी घेणारी यंत्रणा त्याआधीच सैल झाली होती. पूर्वी जमीन गावकारीची, म्हणजे कोमुनिदादीची असे आणि बांधासाठी सगळ्यांनी राबणं हा नियम होता. गोवा मुक्त झाल्यावर कूळ कायदे आले, कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्याय्यच होतं, माझं त्यावर दुमत नाही. पण सगळ्यांचा मिळून जो बांध होता तो कुणाचा, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या संघटना आणि सरकारी खातं यांच्यामध्ये लोंबकळत राहिला. त्यात भातापेक्षा कोळंबीला पैसा जास्त. मग काही ठिकाणी खारं पाणी गरजेपेक्षा जास्त दिवस आत ठेवलं जातं आणि शेजाऱ्याचं शेत नासतं.

एकदा शेतात खारं पाणी मुरलं की तिवरं उगवतात. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि पक्ष्यांसाठी, किनाऱ्यासाठी ती हवीतच. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती उगवली की ते शेत परत मिळवणं फार अवघड.

यंदा गणपतीला गेलो तेव्हा आतोबांबरोबर बांधावर फिरलो. ते सत्तरीत आहेत, अजून पायात चप्पल न घालता चिखलात उतरतात. त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, आयर्लंडला असतो; सून तिथेच परिचारिका आहे. मी विचारलं, "आतोबा, यंदा बांधाच्या कामाला किती जण आले?"

"सात."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी कोणी मोजलं नाही रे," ते म्हणाले. "घरटी एक माणूस यायचा, आणि जो नाही आला त्याच्याकडे संध्याकाळी सगळे जेवायला जायचे. दंड म्हणून."

आतेभावानं व्हिडिओ कॉलवर सुचवलं की बांधासाठी वर्गणी काढू, गावाबाहेरचे सगळे पैसे देतील, माणसं लावून करून घेऊ. कल्पना वाईट नाही. मी गुगल शीट बनवून दिलं, पहिल्या आठवड्यात बरे पैसे जमले. आता अडचण अशी की चिखलाचा बांध घालणारी माणसं पैसे देऊनही मिळत नाहीत. चिखल कुठला घ्यायचा, पेंढा किती मिसळायचा, खेकड्याचं बीळ कुठून कुठे जातं, हे त्या सातांनाच ठाऊक आहे. डिसेंबरात भात कापून झाल्यावर चार दिवस सुट्टी काढून मी, आतेभाऊ आणि पणजीतली दोन मुलं त्यांच्या हाताखाली काम करणार आहोत. मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर राहायची सोय आत्याकडे आहे. जुने कपडे आणा, बूट आणू नका.

आतोबांच्या शेताला लागून असलेलं शेत तीन वर्षं पडीक आहे. मेरेलगत तिवराची गुडघाएवढी रोपं आली आहेत. आतोबांनी ती मोजून ठेवली आहेत. मी गेलो तेव्हा एकवीस होती.