विद्यापीठाच्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' : नव्या अभ्यासपत्रिकेचा प्रस्ताव कसा मांडावा?

मराठी विषय घेऊन पदवी प्राप्त केलेल्या आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणींना आम्ही एक प्रश्न अनेकदा विचारला आहे : 'फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील किती ओव्या तुम्ही वर्गात वाचल्या?' उत्तर बहुधा एकच येते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या सुप्रसिद्ध चार-पाच ओव्या सर्वांना ठाऊक असतात. त्यापलीकडे ग्रंथाचे दर्शन झालेले नसते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे महाकाव्य वाङ्मयाच्या इतिहासात एका परिच्छेदाचे आणि परीक्षेत एका टिपेचे धनी होऊन राहिले आहे.

ही खंत आपल्या मेळाव्यांतून पुष्कळदा व्यक्त होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यानंतर ती अधिकच ऐकू येऊ लागली. तथापि, खंत व्यक्त केल्याने अभ्यासक्रम बदलत नाही. विद्यापीठात नवी अभ्यासपत्रिका येते ती लेखी प्रस्तावाने, आणि त्या प्रस्तावाचे काही नियम असतात. आम्ही काही शिक्षक, एक निवृत्त ग्रंथपाल आणि दोन धर्मगुरू यांनी मिळून असा प्रस्ताव तयार करण्याचे काम हाती घेतले. या कामात जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ग्रंथाविषयी. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. येशूसंघात प्रवेश केल्यावर ते ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि साष्टी महालात सुमारे चाळीस वर्षे सेवा करून १६१९ साली निवर्तले. ख्रिस्तपुराण रायतूर येथे १६१६ मध्ये प्रथम छापले गेले; पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांच्या आधारे, म्हणजे ज्यांनी तो हाताने उतरून घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला त्या भाविकांमुळे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकला करणाऱ्यांचे मोल कळते. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी रोमी लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. देवनागरीत शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आवृत्ती, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती आणि सालेशियन धर्मगुरू नेल्सन फलकाव यांची गद्य रूपांतरासह २००९ साली आलेली आवृत्ती, असे संच आज अभ्यासकाला उपलब्ध आहेत. म्हणजे साधनांची उणीव नाही.

आता विद्यापीठाची वाट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विषयाचे अथवा विषयगटाचे एक अभ्यास मंडळ असते. कोणत्याही अभ्यासपत्रिकेचा आशय प्रथम तेथे ठरतो. मंडळाची शिफारस विद्याशाखेकडे आणि तेथून विद्या परिषदेकडे जाते. विद्या परिषदेची संमती मिळाल्याविना काहीही लागू होत नाही. स्वायत्त महाविद्यालयांची अभ्यास मंडळे व विद्या परिषद त्यांची स्वतःची असतात, व त्यांवर विद्यापीठाचे प्रतिनिधी बसतात. त्यामुळे एखादा नवा प्रयोग करावयाचा झाल्यास स्वायत्त महाविद्यालयात तो तुलनेने लवकर साधतो, असे आमचे मत झाले आहे. एका महाविद्यालयात दोन-तीन वर्षे चाललेली अभ्यासपत्रिका विद्यापीठापुढे नेणे हे कोरा कागद नेण्यापेक्षा सोपे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धर्मग्रामाच्या लेटरहेडवर निवेदन लिहून, त्यावर दोनशे सह्या घेऊन ते कुलगुरूंच्या कार्यालयात देण्याची आपल्याकडे रीत आहे. निवेदनाने लक्ष वेधले जाते. अभ्यासपत्रिका होत नाही. मंडळापुढे विषय मांडावा लागतो तो शिक्षकाने अथवा विभागप्रमुखाने, तोही विहित नमुन्यात. तेव्हा पहिली गरज सह्यांची नसून, हा विषय आपला मानणाऱ्या मराठीच्या एका प्राध्यापकाची आहे. तो कॅथलिक असलाच पाहिजे असे मुळीच नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. पदवीच्या वर्षाचे तास ठरलेले असतात. नवे काही आत घ्यावयाचे म्हणजे जुने काही बाहेर काढावे लागते आणि जुन्यावर कोणाचा तरी कार्यभार अवलंबून असतो. अभ्यास मंडळाच्या बैठकीत उच्चार न होणारी पण सर्वांच्या मनात असणारी ही बाब आहे. एखाद्या संतकवीची पत्रिका हटवून तेथे ख्रिस्तपुराण बसवावे, असे आम्ही कदापि सुचविणार नाही. ते अन्यायाचे होईल, आणि स्टीफन्स ज्या ओवीच्या परंपरेत उभे आहेत ती परंपराच विद्यार्थ्याला अपरिचित राहिली तर त्यांचा ग्रंथ तरी कसा कळावा?

सुदैवाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतरच्या रचनेत नवी दारे उघडली आहेत. मुख्य विषयातील ऐच्छिक पत्रिका हे एक दार. खुली ऐच्छिक पत्रिका हे दुसरे. राज्याच्या आराखड्यानुसार विद्यार्थ्याने ती आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील निवडावयाची असते. म्हणजे वाणिज्य वा विज्ञान शाखेचा विद्यार्थीही मराठी विभागाची अशी पत्रिका घेऊ शकतो. एका श्रेयांकाला अध्यापनाचे पंधरा तास हे प्रमाण धरले तर दोन श्रेयांकांची पत्रिका तीस तासांची होते. आम्ही हाच आकार निवडला. तीस तासांत अकरा हजार ओव्या शिकवता येत नाहीत, हे उघड आहे. पण अडीचशे ओव्या नीट शिकवता येतात.

आमच्या पहिल्या मसुद्याचे काय झाले, ते आता प्रांजळपणे सांगतो. त्यात 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली आम्ही पहिलेच वाक्य लिहिले होते की, विद्यार्थ्यांना प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा व शिकवणुकीचा परिचय व्हावा. एका महाविद्यालयातील मंडळाच्या सदस्याने तो मसुदा वाचून शांतपणे परत केला. "हे धर्मशिक्षण आहे, त्यासाठी तुमच्याकडे रविवारचा वर्ग आहे. मला मराठीच्या विद्यार्थ्याला काय येईल ते सांगा," एवढेच ते म्हणाले. आम्हाला ते लागले. आमच्यापैकी काहींना त्यात आकसही दिसला. दोन बैठका या नाराजीतच गेल्या. तिसऱ्या बैठकीत आमच्यातील ग्रंथपालांनी तोच मसुदा मोठ्याने वाचून दाखविला, आणि एखाद्या अन्यधर्मीय विद्यार्थिनीच्या कानांनी तो ऐकल्यावर त्या सदस्यांचे म्हणणे आम्हाला पटले.

सार्वजनिक विद्यापीठातील पत्रिका कोणत्याही शिक्षकाला शिकवता आली पाहिजे आणि कोणत्याही विद्यार्थ्याला संकोचाविना घेता आली पाहिजे. ही अट जाचक वाटली तरी ग्रंथाच्या हिताची आहे. ख्रिस्तपुराण केवळ आपले म्हणून आपण जपले, तर ते आपल्यापुरतेच राहील. शिवाय, ज्याला प्रस्तावाच्या भाषेत 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात ती तपासता येण्याजोगी असावी लागते. 'विद्यार्थ्याची श्रद्धा दृढ होईल' याची परीक्षा कोण व कशी घेणार? म्हणून दुसऱ्या मसुद्यात आम्ही लिहिले : विद्यार्थी रोमी लिपीतील दहा ओव्या देवनागरीत उतरवून त्यांचा अर्थ सांगू शकेल, ख्रिस्तपुराणाची ओवी आणि एकनाथांची ओवी यांतील साम्यभेद उदाहरणांसह दाखवू शकेल, ख्रिस्ती कल्पनांसाठी स्टीफन्स यांनी कोणते देशी शब्द योजले व त्यांमुळे अर्थात काय बदल झाला, याची चर्चा करू शकेल.

यांतील पहिली गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडेल असा आमचा होरा आहे. गोव्यात त्या वेळी देवनागरीचे खिळे नव्हते. ते पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते. ती इच्छा पूर्ण झाली नाही आणि मराठी काव्य रोमी अक्षरांत छापावे लागले. 'श'साठी 'एक्स' हे अक्षर, 'ण'साठी जोड 'एन', शेवटच्या अनुस्वारासाठी 'एम' ही पद्धत एकदा समजली की पान उलगडू लागते. भ्रमणध्वनीवर रोज रोमी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या आजच्या पिढीला यात परके काही वाटू नये! दुसरीकडे, लंडनमध्ये जतन केलेल्या मार्सडन संग्रहात याच काव्याची देवनागरी हस्तलिखिते आहेत. त्यांची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे. मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाठचिकित्सा म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

शब्दांची गोष्टही तशीच. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्टीफन्स नि:संकोचपणे वापरतात. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा येतात, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. परंतु अध्यायांना ते 'अवस्वरू' म्हणतात आणि श्रोत्यांना एखाद्या पुराणिकासारखे संबोधतात. कथा पॅलेस्टाईनमधील, चाल देशी.

सर्वांत कठीण भाग इतिहासाचा होता, आणि त्यावर आमच्यात मतभेद झाले. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण धर्मगुरूंना सांगतो की, पूर्वीची पुराणे आमच्याकडून काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही द्या. या एका प्रसंगात त्या काळाचे दुःख आणि ग्रंथाचे प्रयोजन दोन्ही सामावली आहेत. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय होते, हे विद्यार्थ्याला सांगावे की नाही? 'आपणच आपल्या विरोधात का लिहावे?' असे एका सदस्याने विचारले. आमचा निर्णय असा झाला की, हे सांगितलेच पाहिजे, आणि पहिल्याच घटकात सांगितले पाहिजे. ते लपविले तर वर्गातील पहिलाच जाणकार विद्यार्थी ते विचारील आणि शिक्षक निरुत्तर होईल. दुसरे असे की, सत्ता ज्या भाषेकडे संशयाने पाहत होती त्या भाषेचा अभ्यास करून एका परदेशी धर्मगुरूने तिच्यात महाकाव्य रचले, याचे वेगळेपण ती पार्श्वभूमी ठाऊक असल्याविना कळत नाही.

तासांची वाटणी आम्ही अशी केली : काळ व कवी यांस सहा तास, लिपी व पाठ यांस सहा, ओवी व शब्दकळा यांस चार, आणि उरलेले चौदा तास प्रत्यक्ष ओव्यांच्या वाचनास. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', तसेच 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळविणारे आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या सर्वांचा समावेश करण्याचा मोह पुष्कळ झाला. तो आवरला. एका ताटात सर्व पक्वान्ने वाढली की एकाचीही चव लागत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्रिका होऊ शकेल.

धर्मग्रामांनी काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. ग्रंथालयाला प्रती भेट द्याव्यात; मंडळ 'पुस्तके आहेत काय?' हे हमखास विचारते. ओव्या चालीवर म्हणणारे कोणी ज्येष्ठ असतील तर त्यांचे ध्वनिमुद्रण करावे. आपल्या मुलांनी ही पत्रिका निवडावी म्हणून त्यांना सांगावे, कारण पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास मंजूर झालेली ऐच्छिक पत्रिकाही कागदावरच राहते. देणगी द्यावयाची झाल्यास बिनशर्त द्यावी. शिक्षक कोण असावा, कोणत्या ओव्या निवडाव्यात, प्रश्न कसे काढावेत, यांत आपण लुडबूड करू नये. धर्मगुरूंनीही नाही, आम्हीही नाही.

जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी प्रस्ताव आदल्या हिवाळ्यातच मंडळापुढे जावा लागतो, अन्यथा पुढील टप्पे वेळेत पार पडत नाहीत. आमचा दुसरा मसुदा ज्या सदस्यांनी पहिला परत केला होता त्यांच्याकडेच दिला आहे. त्यांनी समासात सात दुरुस्त्या सुचविल्या आणि शेवटी विचारले आहे की, निवडक ओव्यांची शब्दार्थसूची केव्हा मिळेल? ते काम सध्या दर शनिवारी संध्याकाळी, मिस्सेनंतर चालू आहे. अडीचशेपैकी एकशे दहा ओव्या पूर्ण झाल्या आहेत. जुन्या मराठीची किंवा कोंकणीची जाण असलेल्या वाचकांनी सवड काढून हातभार लावावा, ही विनंती.