मक्याच्या मुळांवरील ॲल्युमिनियमचा ताण

झारखंडमधील उंचावरील ‘टांड’ जमिनीत किंवा मेघालयाच्या डोंगरउतारांवर मक्याची वाढ खुंटून पाने जांभळट दिसू लागली, की स्फुरदाची मात्रा वाढविण्याकडे कल असतो. अशा आम्लधर्मी जमिनीत खरा दोष अनेकदा विद्राव्य ॲल्युमिनियमचा असतो. ते मुळांची वाढ रोखते आणि दिलेले स्फुरदही बांधून ठेवते.

मातीचा सामू ५ च्या खाली गेल्यास ॲल्युमिनियम मोठ्या प्रमाणात विरघळते. त्याचा पहिला आघात मुळांच्या टोकांवर होतो आणि काही तासांतच मुळांची लांबी वाढणे मंदावते. पेशींमध्ये ऑक्सिजनचे घातक रेणू साठू लागतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज व पेरॉक्सिडेज ही विकरे, म्हणजेच एन्झाइम, कार्यरत होतात. हे संरक्षण अपुरे पडल्यास पेशीपटलांची हानी होते. मुळे आखूड, जाड व ठिसूळ बनतात आणि पीक ओलावा असूनही तहानलेले राहते.

सहनशील गव्हाची मुळे मॅलेट, तर ज्वारी व मक्याची मुळे सायट्रेट स्रवून ॲल्युमिनियम बांधून ठेवतात. भात मुळातच अधिक सहनशील आहे. शिवाय पाणी साचलेल्या खाचरात आम्लता घटते.

म्हणून खताची मात्रा वाढविण्यापूर्वी रोप हलकेच उपटून मुळे पाहावीत व सामू तपासावा. माती परीक्षणानुसार पेरणीपूर्वी चुना द्यावा. शेणखतातील सेंद्रिय पदार्थही ॲल्युमिनियमची तीव्रता कमी करतात.