अजस्र तबकडी आणि तिची मोटर

यंत्रासाठी मोटर निवडावयाची झाली की बहुधा पहिला प्रश्न येतो तो अश्वशक्तीचा. अचूक हालचालीच्या यंत्रात मात्र त्याचा क्रम बराच मागे लागतो. सर्व्हो म्हणजे आपली चूक स्वतः मोजून ती क्षणोक्षणी दुरुस्त करीत राहणारी चालक-यंत्रणा. तिची निवड भारापासून सुरू करावी लागते.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावनजीक खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. एवढ्या पृष्ठावर वारा आदळला तर तबकडी रोखून धरण्यास केवढी मोटर लागेल? येथे अभियंत्यांनी आधी भारच कमी केला. भरीव पत्र्याऐवजी सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची जाळी ताणून बसविली. वारा तिच्यातून बव्हंशी निघून जातो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात निरीक्षण चालावे, ताशी १३३ किलोमीटरच्या वादळात तबकडी केवळ टिकावी, अशी आखणी होती. दोहोंतील दाबाचे अंतर जवळजवळ अकरा पट. वादळाचा हिशेब धरून मोटर घेतली असती तर तिची बहुतेक शक्ती वर्षानुवर्षे निकामी राहिली असती. म्हणून वादळात तबकडीचे तोंड आकाशाकडे करून ती अडकवून ठेवतात. भार मोटरीवर नव्हे, अडणीवर पडतो.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तारा आकाशात मिनिटाला साधारण पाव अंश सरकतो. एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे जाताना हीच तबकडी क्षितिजाला समांतर मिनिटाला ३० अंश फिरते, म्हणजे १२० पट वेगाने. मंद गतीत धक्के न खाणारी आणि द्रुत गतीत न दमणारी मोटर हवी; केवळ कमाल वेग पाहून केलेली खरेदी येथे फसते.

मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये दंतचक्रांची मालिका असते. कोणत्याही दोन दात्यांत थोडी मोकळीक राहतेच. कारखान्यात तिला ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलली की तेवढ्या अंतरात मोटर फिरते, तबकडी मात्र जागची हलत नाही, आणि वारा तिला झुलवू लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविलेल्या यंत्रणेत यासाठी प्रत्येक अक्षावर दोन मोटरी योजल्या. त्या एकमेकींविरुद्ध किंचित जोर लावीत राहतात, त्यामुळे दाते नेहमी टेकलेले असतात. थोडी वीज वाया जाते खरी, पण तो सौदा महागाचा नाही.

मूळच्या मोटरींना कार्बनचे ब्रश होते. ब्रश झिजतात, ते ठराविक काळाने बदलावे लागतात. शिवाय त्यांच्या ठिणग्या रेडिओलहरी उत्पन्न करतात. पुढे तेथे बिनब्रशच्या मोटरी बसविण्यात आल्या. त्यांना वीज पुरविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही गोंगाट करतेच. सबब तिचे धातूचे आवरण, विजेच्या तारांचा मार्ग आणि सुटे भाग यांचा विचार मोटरीच्या मागणीपत्रासोबतच करावा लागतो.