नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, दोन्ही बाजूंनी वाचली तरी तीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावं लावली तर हिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानावर येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ मी आठवी-नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. ही संख्या मी मुलांना नुसती सांगत नाही, मांडायला लावते. तिचं सगळं मर्म मांडणीत आहे.

चौकटींच्या वहीत १११११११११ ला १११११११११ ने गुणा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या घरात एक, मग दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि पुढे उतरत पुन्हा एक. बेरीज कुठेच नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडे सरकत जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला डौल मोडला तो त्या एका हातच्याने!

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं, ते आजच्या डोंबिवली स्टेशनवरून. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर नदीपलीकडच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. आपल्याच अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद’ म्हणायचं, हेही त्यांचंच.

आपली संख्या हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८१. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. म्हणजे हर्षद. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांत हा मान फक्त १, १२३२१ आणि हिला मिळतो. मला सर्वांत आवडतो तो भागाकार: उत्तर येतं १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ अंक ओळीने, फक्त आठ नाही. आणखी फोडलं तर १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, आणि या दोन्ही मूळसंख्या. त्यापुढे फोड नाही.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा कापरेकर जगभर पोचले. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते घरोघर पोचायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला आज पाच एकांचा वर्ग मांडून द्या, पुढचे त्याला काढू द्या. कॅल्क्युलेटर मात्र देऊ नका. साध्या कॅल्क्युलेटरवर सतरा अंक मावतही नाहीत.