भिण्याची हौस

शिमग्यात आमच्या वाडीत खेळे येतात तेव्हा संकासूर दिसण्याआधी त्याची घुंगरे ऐकू येतात. अंगभर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि त्या काळ्या कापडातून रोखून पाहणारे डोळे. मी पाच-सहा वर्षांची असेन. पाणंदीत घुंगरे वाजली की मी धूम ठोकायची ती थेट माजघरात, आजीच्या पदराआड. मग संकासूर अंगणात नाचू लागे, त्याची गमतीची बडबड सुरू होई, आणि माझे पाय आपोआप माजघरातून ओटीवर, ओटीवरून पडवीच्या कठड्याशी येत. तो वळला की पुन्हा आत. खेळे पुढच्या घरी निघाले की मात्र मी रडत असे. संकासूर गेला म्हणून!

ही कठड्यापर्यंत येण्याची आणि पळण्याची सवय पुढे माझ्या वाचनातही आली. भीतीच्या वाङ्मयाची आणि चित्रपटांची मी भक्त आहे हे आता वर्गात कुणापासून लपून राहिलेले नाही. आई म्हणते, "रात्री पाणी प्यायला उठायचं तर मला हाक मारतेस, आणि असलं कशाला गो वाचतेस?" मैत्रिणी म्हणतात, तुला हे पाहवते तरी कसे? आमच्या एका सरांनी तर हसत हसत 'विकृत अभिरुची' असा शेरा मारला. सरांचा राग मी मानला नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. भिणे जर दुःखद आहे, तर माणूस पदरमोड करून भ्यायला का जातो? आणि भीतीच्या पलीकडचे, किळस आणणारे, मन नासवणारे असे जे काही असते, तेही तो का पाहतो? वाचकहो, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मजपाशी नाही. जे हाती लागले ते सांगते.

आरंभ अर्थातच नारायण धारपांपासून. जिल्हा नगर वाचनालयाचा जन्म १८२८ सालचा. त्या जुन्या संस्थेतून मी पहिल्यांदा मोठ्या माणसांचे म्हणून जे पुस्तक घरी आणले ते धारपांचे. धारप (१९२५–२००८) विज्ञानाचे पदवीधर. त्यांच्या कथेत भूत एकदम येत नाही. स्वस्तात मिळालेला जुना वाडा, सरळमार्गी संसारी माणूस, एखादी बंद खोली. सगळे इतके रोजचे की आपण बेसावध होतो. आणि प्रकरण हाताबाहेर गेले की 'समर्थ' येतात. समर्थ आले की वाचकाला झोप लागते. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथेत ही सोय नाही. तिथे शेवटच्या ओळीनंतर कुणीच येत नाही. गंमत अशी की याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' लिहून चेटकिणीला बालनाट्यात आणले आणि पोरांना तिच्यावर पोट धरून हसवले! दिलीप प्रभावळकरांनी ती चेटकीण गाजवली, आणि अलीकडे आपल्या कोकणच्या वैभव मांगल्यांनी. घाबरवणारा आणि हसवणारा हात एकच असतो, हे संकासूर पाहिलेल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

रामसे बंधूंच्या चित्रपटांबद्दल फार लिहीत नाही. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) किंवा 'पुराना मंदिर' (१९८४) पाहताना वडिलांच्या पिढीतले लोक थिएटरात शिट्ट्या वाजवत असत म्हणे. मीही ते हसतच पाहिले. 'पुराना मंदिर'मधला तो अक्राळविक्राळ सामरी करणारे अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंते होते हे कळल्यापासून तर मला त्यांची भीती वाटणेच बंद झाले.

खरा उलगडा झाला तो साहित्यशास्त्राच्या तासाला. भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे सांगितले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. पण बीभत्सातूनच भयानक निपजतो असेही त्यांनी म्हटले आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त या दोहोंची जी उदाहरणे आहेत ती मला एकाएकी माझ्या आवडीची वाटली. भयानकाचे उदाहरण म्हणजे 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातले हरिण. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, आणि ते मान वळवून वळवून मागे बघत पळते आहे. बीभत्साचे उदाहरण भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तले: स्मशानात एक भुकेले पिशाच प्रेताचे कातडे सोलून मांस खात आहे.

अभिनवगुप्तांनी त्या हरिणावर केलेले विवेचन सरांनी समजावले तेव्हा मी वही बंद करून ऐकत होते. भ्यालेले आहे ते हरिण. प्रेक्षक हरिण नव्हे, त्याच्यामागे बाण लागलेला नाही. तरी त्याला भय जाणवते. मात्र ते कुणा एकाचे, अमुक स्थळाचे, अमुक वेळेचे असे उरत नाही. म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. याला साधारणीकरण म्हणतात. मला आमच्या पडवीचा कठडा आठवला. संकासूर अंगणात, मी कठड्याच्या आत. काळीज धडधडते, घशाला कोरड पडते, पाय पळायला तयार होतात. शरीराचा सगळा खटाटोप खरा, संकट तेवढे खोटे. आणि ते टळले की जे हलके वाटते, त्याची चटक लागते.

भवभूती तर मला फारच जवळचा वाटू लागला. आठव्या शतकातला हा नाटककार मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे आपलाच. मृत्यू, युद्ध रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत असा नाट्यशास्त्राचा दंडक. आणि हा गृहस्थ पाचव्या अंकात नायकाला रात्रीच्या स्मशानात नरमांस विकायला पाठवतो! पुढे अघोरघंट नावाचा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला निघतो. 'हल्लीच्या पोरांना हे परदेशी वेड लागले आहे' असे म्हणणाऱ्यांनी तो अंक जरूर वाचावा. (अभ्यासक्रमात नाटकाचा हा भाग नेमका गाळतात, अशी माझी शंका आहे.)

तर, कठड्याच्या आत राहून भ्यायचे, हे सुख. पण काही कथा कठडाच काढून नेतात. त्यांच्याविषयी लिहिणे मला जड जाते.

'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्यानेच झाली. इकडे मात्र तो बेताचाच चालला, आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. तुंबाड हे गाव आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मुळे ते वाचकांना ठाऊक होतेच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नाव तिथून घेतले, आणि बीज धारपांच्या कथेतून. चित्रपटाच्या पहिल्या भागात घरात जखडून ठेवलेली एक भयंकर म्हातारी आहे. तिला वेळच्या वेळी भरवायचे, निजवायचे. आणि एका रात्री हे काम लहान मुलावर येऊन पडते. यामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेच्या मागे स्टीफन किंगची एक कथा. तिथेही मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी, दोघेच घरात.

आमची आजी, जिच्या पदराआड मी लपत असे ती, शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होती. संध्याकाळचा मऊ भात मी भरवायची. शेवटी शेवटी ती मला ओळखत नसे. एकदा दिवे गेले होते, कंदिलाच्या उजेडात मी घास पुढे केला आणि तिने माझे मनगट घट्ट धरले. कुणाला तरी भलत्याच नावाने हाक मारली. मी हात हिसडून घेतला आणि ओटीवर येऊन बसले. ताटली तिथेच राहिली. हे मी कुणाला सांगितले नाही. पुढे ती गेली. त्यानंतर कधीतरी मी 'आजी' वाचली, आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. चेटूक, मंत्र हे सगळे नंतरचे. आधी त्या मुलाला भीती वाटते ती म्हाताऱ्या अंगाची, वासाची, त्या पकडीची. आपल्या माणसाची किळस आली होती आणि त्या किळसेचीच भीती वाटली होती, एवढे सरळ वाक्य मला घरात कधी उच्चारता आले नव्हते. बीभत्सातून भयानक कसा निपजतो ते मला कळले ते असे.

ज्यात भूतच नाही अशी पुस्तकेही हेच करतात. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त पैशासाठी मुलगे बापाचा छळ करतात आणि गरोदर बहिणीच्या पोटावर लाथा घालतात. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली ते रंगभूमीवर आणले तेव्हा पातळावरच्या रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असे आधी सांगण्यात येऊ लागले. मला वाटते, तो निळा डागच जास्त लाल दिसला असेल. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) न्हाणीघरातून वाहते ते रक्त चॉकलेटचे सरबत होते, आणि कुणालाही ते गोड लागले नाही. किती रक्त सांडले याचा मापाशी संबंध नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

मात्र एक चित्रपट मी अर्धवट सोडला. रुज्जेरो देओदातोचा १९८० सालचा 'कॅनिबल होलोकॉस्ट'. मैत्रिणीच्या भावाने लॅपटॉपवर आणला होता, आणि 'बघून दाखव' अशी पैज होती. या चित्रपटात माणसे खरोखर मारली असा संशय इटलीत घेतला गेला; दिग्दर्शकावर खटला झाला, आणि आपले नट जिवंत असल्याचे त्याला सिद्ध करावे लागले. ते जिवंत होतेच. पण प्राणी खरे मारले होते. माणसांची ती भयंकर मरणे मी पाहू शकले, कारण ती खोटी होती. नदीतून ओढून आणलेले कासव चिरू लागले तेव्हा मी उठले. कालिदासाच्या हरिणाला आश्रमातले तापस आडवे येऊन वाचवतात. त्या कासवाला कुणी आडवे आले नाही, आणि ते मेले ते मी बघावे म्हणून. पैज हरले. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पाणी प्यायला मात्र मी एकटीच उठले.

यावरून आठवले. मागच्या पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरच्या एका अपघाताची चित्रफीत मोबाईलवर फिरत होती. मी ती उघडली नाही. ज्यांनी ती मला पाठवली त्यांत 'तुला असले पाहवते तरी कसे' म्हणणाऱ्या दोघी होत्या. त्यांना मी काही बोलले नाही. सततच्या पाहण्याने मन बोथट होते हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. एका आठवड्यात तसले चार चित्रपट पाहिले की पाचव्याला मी शेंगा सोलत बसते, हे खरे आहे. तेव्हा काही दिवस सोडून देते. पण बोथट कोण झाले हे पाहायचे तर सगळ्यांचेच मोबाईल पाहावे लागतील.

धारपांचे ते पुस्तक घरात पडून होते. एका दुपारी आईने ते उचलले. मी स्वयंपाकघरात होते. तासाभराने ती आली, चुलीशी उगीच काहीतरी हलवत राहिली. मग म्हणाली, "तुझी आजी रात्री हाका मारायची ना, तेव्हा कधी कधी मी जागी असायचे गो. ऐकू आलं नाही असं करायचे." मी कंदिलाच्या रात्रीची गोष्ट तिला सांगितली. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. पुस्तकाची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.