चौकट : बऱ्हाणपूरच्या परसबागेत लीक

लीक म्हणजे काय? कांदा-लसणाच्या कुळातली भाजी. गड्डा जवळजवळ धरत नाही. खायचा तो पांढरा, जाड दांडा. तो खोड नसून एकात एक गुंडाळलेल्या पानांचा असतो.

पातीच्या कांद्याहून वेगळा कसा? कांद्याची पात नळीसारखी पोकळ, लीकची चपटी आणि मधोमध दुमडलेली. चव सौम्य.

हंगाम
• थंड हवेचे पीक. तापीकाठचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, म्हणून रोप सप्टेंबरअखेर टाकायचे. पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण पाच महिने.
• बियाणे ताजे हवे. कांद्यासारखेच वर्ष-दोन वर्षांत उगवण घटते.

लावणी
• रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की (सुमारे ८ आठवडे) १५ सें.मी. खोल भोक पाडून त्यात सोडायचे. माती लोटायची नाही, नुसते पाणी घालायचे. भोक पुढे आपोआप भरते. दोन रोपांत १५, ओळींत ३० सें.मी.
• इथली काळी माती पाणी धरून ठेवते. गादीवाफा आणि भरपूर शेणखत लागते.
• दांडा वाढेल तशी मातीची भर. उजेड न मिळालेला भागच पांढरा राहतो.

कीड-रोग फुलकिडे, जांभळा करपा, दोन्ही कांद्याचेच. कांद्याच्या वाफ्यात लगेच लीक नको.

स्वयंपाकाआधी भर दिल्यामुळे पानांच्या थरांत माती अडकते. दांडा उभा चिरून, थर उलगडून वाहत्या पाण्याखाली धुवावा.

जाता जाता लीक हे वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह; १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, तिथले लोक तो कोटाला लावतात.